मायएवढी माय

होळी जळून गेली की आमच्या घरातलं सागवानी कपाट बोलायला लागतं. आधी कुठल्यातरी फळीतून कट असा आवाज येतो. मग एखाद्या दुपारी त्याचं दार आपलं आपण उघडतं आणि बोटभर फट ठेवून थांबतं. लावलं की पुन्हा उघडतं. नातसुनेला त्याचा भारी राग. "आजी, याला एक चांगली कडी बसवून घेऊ या," ती म्हणते. "घेऊ," मी म्हणते. दर उन्हाळ्यात आमचं एवढंच बोलणं होतं. आषाढात तेच दार असं घट्ट बसतं की नातवाला पाय लावून ओढावं लागतं, आणि मग तिचा राग कपाटावरून नातवावर जातो. कडी काही बसत नाही.

वर्ध्यात आता घरोघरी कूलर आहेत. त्यांच्या घरघरीत उन्हाळा नुसता ऐकू येतो, अंगावर येत नाही. मला मात्र ते दार उघडलं की जवसाच्या तेलाचा वास येतो. कपाटात तेल नाही की जवस नाही, माझी जुनी लुगडी आणि औषधांच्या बाटल्या आहेत. वास मीच मनात घेऊन बसलेली असते. तो एका उन्हाळ्याचा वास आहे, आणि त्या उन्हाळ्याचं मला अजून वाईट वाटतं. वय झालं की सगळं निवळतं म्हणतात. म्हणणाऱ्यांचं वय झालेलं नसावं.

तेव्हा आम्ही नाचणगावला राहत होतो. आमचा जिल्हा अजून मध्य प्रदेशात होता, आणि जरा मोठं काम निघालं की माणसं नागपूरची गाडी धरत. हे गावातल्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. ड्रॉइंग मास्तराला शाळेत जो मान असतो तोच यांना होता. म्हणजे गॅदरिंग आलं की सगळ्यांना आठवण यायची आणि पडदा रंगवून झाला की सगळे विसरायचे. मामाजी, माझे सासरे, पुलगावच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, काट्यावर होते. कापसाच्या गाड्या तोलण्यात त्यांचं आयुष्य गेलं. बोलताना सुद्धा ते आधी समोरच्याचं वजन करीत आणि मगच तोंड उघडीत.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आदल्या वर्षीच्या थंडीत गेल्या. तापाचं निमित्त झालं. मला त्यांचा सहवास मिळाला तो जेमतेम तीन वर्षांचा, आणि त्यातलं निम्मं मी त्यांना घाबरण्यात घालवलं. बाई शेतातही जायची, घरही पाहायची आणि बसली की सूत काढायची. त्या काळी आमच्या भागात घरोघरी चरखा फिरायचा, पण आत्याबाईंच्या सुताला गावात नाव होतं. बारीक नव्हतं ते फार, पण एकसारखं होतं. बोलता बोलता धागा तुटला की बोटाला थुंकी लावून जोडायची आणि वाक्य जिथं सोडलं होतं तिथूनच पुढं सुरू करायची.

त्यांचा एकही फोटो नव्हता. एकदा नात्यातल्या लग्नात फोटोवाला आला होता, सगळ्यांना रांगेत बसवलं, आणि नेमकं तेव्हाच बाई चुलीवरचं दूध पाहायला उठून गेली. त्या फोटोत मामाजींच्या शेजारी एक रिकामी जागा आहे. मामाजी तो फोटो कुणाला दाखवत नसत, आणि फेकतही नसत.

शाळेचा नवा हॉल बांधून झाला होता. गावकऱ्यांनी श्रमदानानं विटा वाहिल्या होत्या, वर टिनपत्रे होते. त्याची समोरची मोठी भिंत मोकळी होती. हेडमास्तरांनी यांना सांगितलं, तिथं काहीतरी चांगलं लावा. त्यांच्या मनात एखादा हार घातलेला पुढारी असावा. यांनी मात्र घरी येऊन टोपी खुंटीला लावता लावता सांगितलं, "बाबा, मी वेचणी काढतो. कापसाची वेचणी. मधात माय."

मामाजींनी बराच वेळ वजन केलं. मग म्हणाले, "केवढी?"

"मायएवढी. फोटोत मानूस बोटाएवढं होते बाबा. मले माय मायएवढीच पाह्यजे."

म्हणून ते चित्र एवढं मोठं झालं. मागं कुणी विचारलं की मास्तरांना एवढं अवाढव्य काढायचं काय पडलं होतं, तर मी हसून विषय बदलत असे. एक बाई खरीखुरी काढायची म्हटली की तिच्या भोवतीचं शेत, बाजूच्या बाया, वरचं आभाळ, सगळंच खऱ्याएवढं लागतं. चित्र बारा हात लांब ठरलं. तेवढा कॅनव्हास मुंबईहून मागवणं आमच्या ऐपतीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्याची गरजही वाटली नाही. कापड घरातच होतं. आत्याबाईंच्या सुताच्या गुंड्या मधल्या खोलीत खुंट्यांना लटकत होत्या. त्या गेल्यापासून त्यांना कुणी हात लावला नव्हता. कोष्ट्यानं त्यांचं थान विणून दिलं, चांगलं जाड, दोन पदरी सुताचं. मागाचा पन्हा तो केवढा! पट्ट्या एकमेकींना जोडून मोठं कापड करायचं ठरलं, आणि शिवायला गल्लीतल्या बाया आल्या.

आमच्याकडे कोणतीही बाई कोरं कापड तशीच कात्रीखाली धरत नाही. चोळीचा खण असो की पोराचं बंडीचं कापड, आधी बादलीत बुडवायचं, रात्रभर ठेवायचं, वाळवायचं, मग शिंप्याकडे द्यायचं. नाहीतर पहिल्या धुण्यात आटतं आणि चोळी काखेत कापते. हे मला कुणी शिकवलं ते आठवत नाही, जसं चालायला कुणी शिकवलं ते आठवत नाही. म्हणून मी आपली सवयीनं थान उचलून मोरीकडे निघाले.

"सूनबाई, कुठी चालली घेऊन?" मामाजी दारात उभे होते.

"भिजवून काढतो ना मामाजी. कोरं हाय, आटन ते."

"भिजवू नोको."

"पन मामाजी, मागाची खळ हाय त्यात. मंग ते..."

"तिच्या हाताचं हाय ते," मामाजी म्हणाले. "थुंकी लावून धागा जोडे ते. घाम हाय तिचा त्यात. पान्यात घातलं का गेलं मंग. राह्यलं काय आपल्यापाशी?"

हे मागच्या खोलीत होते. त्यांनी ऐकलं. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी कापडाकडे पाहिलं, आणि मी थान खाली ठेवलं. शिवायला बसलेल्या बाया सुद्धा कापड चिमटीत धरून एकमेकींना विचारत होत्या, "कोरंच हाय व्हय?" मग सूत कोणाचं ते कळलं की त्याही खाली मान घालून टाके घालू लागायच्या. देवाला वाहायचं वस्त्र कोरं असतं, नवरीला नेसवायचं कोरं असतं. गेलेल्या बाईच्या हातचं आता पुन्हा होणार नाही असं सूत, ते कोणत्या तोंडानं बादलीत बुडवा म्हणायचं? मी आजही त्या जागी उभी राहिले तर थान खालीच ठेवीन. त्याचंच तर वाईट वाटतं. एखाद्या नालायक माणसाच्या हट्टानं काही बिघडलं असतं तर शिव्या तरी देता आल्या असत्या.

पट्ट्या जोडून एक थानाचा तुकडा उरला, चांगला मोठा. मामाजींनी तो घडी करून आपल्या पेटीत ठेवला. कशाला म्हणून कुणी विचारलं नाही.

होळीनंतर जिन बंद होतं. कापूस संपलेला असतो, मोठ्या शेडी रिकाम्या पडतात. मामाजींच्या शब्दावर एक शेड आम्हाला मिळाली. तिच्या फळ्यांच्या भिंतीवर यांनी कापड खिळ्यांनी ठोकलं, वरून सरस आणि खडूचा हात दिला. नाचणगाव-पुलगावचं चैत्रातलं ऊन ज्यांनी खाल्लंय त्यांना सांगायला नको. ब्रश उचलून पाठ फिरवेस्तोवर सरस वाळून खडखडीत व्हायचा. ओल सुतात उतरायला वेळच मिळाला नाही. आम्हाला तेव्हा ते चांगलं लक्षण वाटलं.

मी दुपारची भाकरी घेऊन जायची आणि संध्याकाळपर्यंत तिथंच राहायची. रंग घोटून द्यायचं काम माझं. तेल जवसाचं, घाण्यावरून आणलेलं, उकळून घट्ट केलेलं. ते माझ्या हाताला, पदराला, भाकरीच्या फडक्याला लागलं होतं. वर कौलाच्या लाकडांना वर्षानुवर्षांचा कापूस चिकटलेला होता, वाऱ्याची झुळूक आली की तो खाली यायचा आणि ओल्या रंगावर बसायचा. हे सुईनं तो एकेक तंतू उचलायचे. चित्रातल्या कापसावर बसला तर ठेवून द्यायचे. "खरा हाय, राहू दे," म्हणायचे आणि हसायचे. हे फार हसणारे नव्हते. त्या उन्हाळ्यात जेवढे हसले तेवढे पुढं कधी हसलेले मला आठवत नाहीत.

मामाजी रोज येऊन बंद काट्याच्या फळीवर बसायचे आणि बायकोवर लक्ष ठेवायचे.

"नाक थोडं बसकं होतं तिचं," ते म्हणायचे.

"बसकं काढलं तं तुमी म्हनान, असं काऊन केलं."

"म्हनन. पन बसकं होतं."

लुगड्याच्या रंगावरून तर बापलेकांचं दोन दिवस चाललं. मामाजी म्हणायचे हिरवं, हे म्हणायचे निळं. माझ्याकडे निवाडा आला. मी म्हटलं, मी आले तेव्हा दोन्ही विटून गेले होते. मग यांनी तो विटकाच रंग लावला, ना हिरवा ना निळा, आणि भांडण तिथंच मिटलं. तो बरोबर होता.

पट्ट्यांच्या शिवणी चित्रात दिसू नयेत म्हणून यांनी त्यांच्यावर काही ना काही उभं केलं होतं. एका शिवणीवर निंबाचं खोड, एकीवर कुणाच्या तरी काठीची रेघ. मधली शिवण आत्याबाईंच्या गालाशेजारून जात होती. तिथं यांनी डोक्यावरचा पदर आणला. आत्याबाई ओळीत वाकलेल्या, ओटी कापसानं भरलेली, आणि मागून कुणी हाक मारावी तशी मान वळवून वर पाहणाऱ्या.

"वाकवून काऊन ठेवलं तिले?" मामाजींनी विचारलं. "उभी कर ना. जिंदगीभर वाकलीच ते."

"वर पाहून राह्यली ना बाबा. मी हाक मारली तिले."

मामाजी उठले आणि बाहेर जाऊन बराच वेळ बैलांच्या हौदापाशी उभे राहिले.

चित्र वैशाखाच्या शेवटाला झालं. आता त्याला चौकट हवी होती. एवढ्या मोठ्या चित्राला पाठीमागून लाकडाचा सांगाडा लागतो, त्यावर कापड ताणून खिळायचं, आणि मग बाहेरून दिसायची ती नक्षीची पट्टी. हे काम महादेव मिस्त्रींचं. मिस्त्री गावातले नावाजलेले सुतार. त्यांचं अर्धं नाव हातामुळे होतं आणि अर्धं तोंडामुळे. दुसऱ्या सुतारानं केलेलं दार दिसलं की ते ढकलून पाहायचे आणि मालकाला ऐकू जाईल एवढ्यानं चुकचुकायचे. यांच्यावर मात्र त्यांचा जीव होता. आत्याबाईंनी त्यांच्या बाळंतिणीला कधीतरी रात्रंदिवस सांभाळलं होतं. चौकट मी अशी करतो म्हणाले, की काकींच्या नावाला शोभेल.

आधी त्यांनी हॉलचं दार मोजलं. सांगाडा आत जाणार नाही हे त्यांनी लाकूड कापायच्या आधी ओळखलं, आणि ही हुशारी ते पुढं महिनाभर गावाला सांगत होते. तुकडे वेगळे न्यायचे, जोडायचं हॉलमध्येच. इथवर सगळं ठीक झालं. मग सांध्यांची गोष्ट निघाली.

"मिस्त्री, कोपरे पक्के करू नोका," हे म्हणाले. "मी नागपूरले परीक्षेले गेलतो, तवा मोठ्या चित्राची मागची बाजू पाह्यली. कोपऱ्यात पाचरा होत्या. कापड ढिलं पडलं का ठोकाच्या, तानलं का काढाच्या."

"म्हंजे चौकट हालते म्हना ना."

"हालते थोडी."

"हालते तं मंग तिले चौकट काऊन म्हनाव?" मिस्त्रींनी रंधा खाली ठेवला. "मास्तर, माह्या बापानं बंड्याईची चाकं केली. फटीचा सांधा आमच्या घरान्यात नाई. काकींच्या चित्राले मी फट ठेवू? लोक म्हनतीन महादेवाचा हात थकला."

हे पुन्हा एकदा बोलले, जरा कमी आवाजात. मिस्त्रींनी ऐकलं नाही असं केलं. यांचा स्वभावच तसा होता. मुलांना रागवायचं झालं तरी आधी स्वतः उठून खिडकी लावून यायचे. ज्याचं काम त्यानं करावं, असं म्हणून यांनी सोडून दिलं. मिस्त्रींनी कोपऱ्यांत लाकडात लाकूड बसवायच्या चुली पाडल्या, सरस भरला, आरपार सागाच्या खुंट्या मारल्या, आणि वर उभं राहून दाखवलं. "हत्ती बांधा," म्हणाले.

चित्र जाड वेळूवर गुंडाळून बैलबंडीतून आलं. पुलगावहून नाचणगाव ते कितीसं, पण बंडी पायीच्या चालीनं आणली. रस्त्यात बाया घरातून बाहेर येऊन उभ्या राहत होत्या. गुंडाळलेलं होतं म्हणून दिसत काहीच नव्हतं, तरी पाहत होत्या. ज्यांनी शिवण घातली होती त्या "ते माही पट्टी" म्हणून कुठंतरी बोट दाखवत होत्या.

ताणायचं काम एका दिवसात झालं. मधून सुरू करायचं आणि दोन्हीकडे सरकायचं, असं यांनी सांगितलं. मोच्याची पकड आणली होती, तिनं कापड ओढायचं आणि दुसऱ्यानं खिळा मारायचा. मिस्त्री ओढत होते, हे ठोकत होते. शाळेचा चपराशी दुसऱ्या बाजूनं. अशा कोरड्या उन्हात कापड जेवढं ओढलं जाईल तेवढं ओढलं. सुरकुती राहिली की मिस्त्रींना अपमान वाटायचा. शेवटचा खिळा बसल्यावर मामाजींनी पाठीमागून बोटानं टिचकी मारली, आणि डफासारखा आवाज हॉलभर घुमला. मिस्त्री तृप्त झाले. मामाजींनी आणखी एकदा मारली.

चौकट भिंतीवर चढली त्या दिवशी मामाजी धुवट धोतर नेसून सकाळीच जाऊन बसले होते. मग गाव आलं. बायांनी चित्रात आपापल्याला शोधलं, सापडल्या तिथं लाजल्या, नाही सापडल्या त्यांनी यांना विचारलं, "काऊन मास्तर, मी काय केलतं?" मामाजींच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. मी बसायला गेले तर त्यांनी त्यावर हात ठेवला. मला आधी कळलं नाही. मग ते समोर पाहत होते तिकडे मी पाहिलं, आणि मागं जाऊन उभी राहिले. आत्याबाई खरंच आत्याबाईंएवढ्या होत्या. खुर्चीवरून उठून चालत गेलं तर त्यांच्या खांद्याला खांदा लागला असता.

जेठ गेला, आषाढ जरा कोरडाच गेला. श्रावणात झड लागली. आमच्याकडची झड म्हणजे पाऊस कोसळत नाही, नुसता थांबत नाही. सूर्य विसरायला होतं. गोधड्या ओल्या लागतात, मीठ पाझरतं, काडेपेटी पेटत नाही. हॉलची भिंत नवी, गिलावा पुरता सुकलेला नव्हता, वरून टिनातून झिरपणारं पाणी. एक दिवस चपराशी घरी आला आणि उंबऱ्यातूनच म्हणाला, "मास्तर, ते चित्र कुटकुट करून राह्यलं."

मीही गेले यांच्यामागं. चित्राच्या कडेनं, जिथं जिथं खिळा होता तिथून, आत सुरकुत्या ओढल्या गेल्या होत्या. काखेत कापणारी चोळी असते तशा. मी पाहिल्याबरोबर ओळखलं, आणि यांनी माझ्याकडे पाहिल्यावर मी ओळखलं की यांनीही ओळखलंय. कापड पाठीमागून ओल पिऊन आटत होतं. रंगाला आटता येत नाही. तो भाकरीच्या पापुद्र्यासारखा उचलला जात होता, जिथं कापड जाड होतं तिथं सगळ्यात जास्त. म्हणजे शिवणींवर. म्हणजे आत्याबाईंच्या गालापाशी.

कोपऱ्यात पाचरा असत्या तर त्या काढून चौकट बोटभर आवळून घेतली असती, कापडाला श्वास मिळाला असता. मिस्त्रींची चौकट हत्तीला हलणार नव्हती, ती कापडाला काय हलणार? खिळे काढायचे एवढाच मार्ग होता. मिस्त्रींना बोलावणं गेलं. ते पावसात डोक्यावर पोतं घेऊन आले, चित्रासमोर उभे राहिले, आणि त्या दिवशी ते एक शब्दही बोलले नाहीत. महादेव मिस्त्री गप्प आहेत हे पाहूनच मला रडू आलं.

ते एकेक खिळा काढत होते. हे शिडीवर उभे राहून आत्याबाईंच्या चेहऱ्यावर तळहात ठेवून होते, ताप पाहतात तसा. खिळा निघाला की कापड मागं सरायचं आणि हाताखालून रंगाची कपची निसटायची. यांनी दुसरा हातही लावला. तरी निसटत होती. खाली मामाजींनी डोक्यावरची टोपी काढली आणि वाकून वाकून ते पापुद्रे वेचू लागले. वेचता वेचता टोपी भरत आली, तेव्हा ते टोपी दोन्ही हातांत धरून उभे राहिले. कुठं ठेवावी त्यांना सुचेना. मी घरी धावत जाऊन आत्याबाईंचा कुंकवाचा करंडा आणला.

सगळे खिळे निघाल्यावर चित्र खाली अंथरलं आणि त्यावर चौकट ठेवून पाहिली. कापड लाकडाच्या कडेला पोचत नव्हतं. चांगलं वीतभर कमी होतं. आत्याबाईंचं लुगडं होतं, ओटी होती, कापूस धरलेला हात होता. पदराच्या आत नुसतं सूत दिसत होतं.

"मीच म्हनलं भिजवू नोको," मामाजी म्हणाले.

"नाई बाबा. कोपरे ढिले ठेवा लागत होते. मी जोर द्याले पाह्यजे होता."

मिस्त्री चौकटीच्या कोपऱ्यावर बसले होते. त्यांनी आपल्या खुंटीवरून अंगठा फिरवला आणि मान हलवली. तिघांनी मिळून चूक अशी वाटून घेतली, की माझ्या वाट्याला काही उरलंच नाही. मला तेव्हा वाटून गेलं, यांच्यातल्या एकाचं जरी आत्याबाईंवर कमी प्रेम असतं, तरी चित्र वाचलं असतं.

यांनी पुन्हा मोठं चित्र काढलं नाही. लोकांनी सुचवलं, नव्यानं काढा, कापड विकत आणा. हे हो म्हणायचे. एकदा घरी एका कागदावर आईचा चेहरा काढायला बसले, बराच वेळ बसले, आणि मग त्याच कागदाच्या मागं पोरांसाठी मोर काढला. "आता आठोत नाई," एवढंच मला म्हणाले. काढताना तिला पाहून घेतलं होतं सगळं. मग ते चित्र गेलं आणि सोबत आठवणही घेऊन गेलं. याचा मला जितका चटका लागला तितका चित्राचा नाही. चित्र नसतं काढलं, तर निदान यांच्या डोळ्यांपुढं तरी बाई राहिली असती. पण मग तो शेडमधला उन्हाळा झाला नसता, आणि यांचं ते हसणंही मी कधी पाहिलं नसतं. या हिशेबात मी इतकी वर्षं अडकले आहे आणि तो सुटत नाही.

चित्राची गुंडाळी परत जिनात कुठंतरी माळ्यावर गेली. पुढं जिन विकलं गेलं. चौकट वर्षभर हॉलच्या भिंतीला रिकामी टेकून होती. पोरं तिच्यातून उड्या मारायची. मग एक दिवस मिस्त्रींनी ती शाळेकडून मागून घेतली, आणि काही महिन्यांनी बंडीत घालून त्याच लाकडाचं एक कपाट आमच्या दाराशी आणलं. कुणी सांगितलं नव्हतं. उतरवताना म्हणाले, "वयनी, याच्या सांध्याईत फट ठेवली हाय. उन्हाळ्यात दार उघडन थोडं. उघडू द्याजो."

म्हणून कडी बसत नाही. नातसुनेला हे मी कधी सांगितलेलं नाही. करंडा याच कपाटात आहे. हलवला तर आत खुळखुळतं. उघडून पाहिलं तर विटक्या रंगाचे, मातीच्या रंगाचे, पांढुरके तुकडे दिसतात. त्यातला गाल कोणता आणि शेतातलं ढेकूळ कोणतं, ते आता ओळखू येत नाही.

मामाजी त्यानंतर काही वर्षं होते. चैत्रात गेले, असंच ऊन होतं. पुरुष माणसं बाहेर जमली. कापड आणायला कुणीतरी पुलगावला निघालं, तर हे म्हणाले थांबा, आणि मला म्हणाले, बाबांची पेटी उघड. थान वरच होतं, घडी मोडलेली नव्हती. चित्र उतरवलं त्या दिवशी संध्याकाळी मामाजी मला हळूच म्हणाले होते, "ते पेटीतलं राहू देजो सूनबाई. ते माह्यासाठी हाय. त्याले भिजवा लागत नाई." मी यांना ते सांगितलं नव्हतं. यांना कसं माहीत, मी विचारलं नाही.

अंघोळ घालून झाल्यावर यांनी ते कापड मामाजींवर अंथरलं. पायाकडून सुरुवात केली. एका बाजूनं ओढून घेतलं, दुसऱ्या बाजूला आले, सुरकुती हातानं सारखी केली. चौकटीवर ताणताना मधून कडेकडे सरकायचे, तसेच सरकत होते. डोक्यापाशी आल्यावर थोडं कापड उरलं होतं. ते त्यांनी दुमडून खाली घेतलं, आणि मी जवळ उभी होते म्हणून मला म्हणाले, "बरोबर बसलं."